ओटीत आलेली

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासणीचे कागद मिटून शामसुंदरच्या हातात दिले आणि म्हणाले, "पाच वर्षं नीट निघाली. आता दर सहा महिन्यांनी यायची गरज नाही. वर्षातून एकदा या."

शामसुंदरने दोन्ही हात जोडले. बाहेर पडल्या पडल्या त्याने समोरच्या दुकानातून संत्रा बर्फीचा डबा घेतला. परत येऊन पाहतो तर त्याची बायको रत्नमाला व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती ती उठायचं नाव घेईना.

"अवं, चाल न. गाडी सुटन."

"आता वर्षभर मले कोनीच नाई पाहणार?"

"चांगलं आहे न मंग. पाहण्यासारखं काही राह्यलं नाई म्हणून नाई पाहणार."

शामसुंदर भिलाईच्या कारखान्यात, रेल मिलच्या तपासणी विभागात होता. तयार झालेल्या रुळात कुठे चीर नाही ना, हे मशीन लावून पाहायचं आणि मगच पुढे सोडायचं, हे त्याचं काम. त्याने आपल्या कामातलाच दाखला दिला.

"आमच्याकडं रूळ एकदा पास झाला की वॅगनमधी चढला. परत उतरवून कोनी पाहते काय?"

"आन पोटात चीर असली तर?"

"मशीनवर दिसते न ते."

"सगळीच दिसते?"

शामसुंदरला खोटं बोलता येत नसे. "बहुतेक," तो म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याला आपली जीभ चावावीशी वाटली. परतीच्या वाटेवर दुर्ग येईपर्यंत बर्फीचा डबा तिच्या मांडीवर दोरा न सोडता तसाच राहिला.

डावा स्तन काढला तेव्हा रत्नमाला तीस वर्षांची होती. त्या वेळी ती भ्याली नव्हती असं म्हटलं तरी चालेल. मरण समोर उभं होतं, आणि समोर उभ्या असलेल्या गोष्टीची तयारी करता येते. तिने ती मन लावून केली होती. मग मरण काही आलं नाही. दर सहा महिन्यांनी नागपूरला जायचं, डॉक्टरांनी बोटं फिरवून "ठीक आहे" म्हणायचं, आणि त्या दोन शब्दांवर पुढचे सहा महिने काढायचे, अशी तिची रीत पडली. दोरीला मध्ये मध्ये खुंट्या असाव्यात तशा त्या तपासण्या होत्या. आता खुंट्या काढून घेतल्या आणि दोरी एकदम खाली आली.

उजवा हात पदराखालून डाव्या काखेत जायचा. कणीक भिजवताना, नळाखाली बादली भरताना, कुणी दारात उभं राहून बोलत असताना. दाबून दाबून कातडी लाल व्हायची, लाल झाली की दुखायची, आणि दुखलं की तोच नवा पुरावा. खोकला आला म्हणजे आजार फुप्फुसात गेला, कंबर धरली म्हणजे हाडात गेला. शामसुंदर कामावरून आला की ती त्याला हात धरून खिडकीशी न्यायची. "इथं पाह्यजो. काल हे नव्हतं." तो पाहायचा. त्याला काही दिसायचं नाही. नाही म्हणाला तर ती म्हणायची, नीट पाहिलं नाही. आणि थोडा वेळ गप्प राहिला तर तिचे ओठ पांढरे पडायचे.

शेवटी कारखान्याच्या टाउनशिपमधल्या दवाखान्यातल्याच एका डॉक्टरने तिला कलावती मॅडमकडे पाठवलं. या रायपूरच्या मराठी घरातल्या, रांचीला मानसशास्त्र शिकून आलेल्या. औषध देत नसत, नुसतं बोलत. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक खोली त्यांना बुधवारपुरती मिळाली होती. सेक्टर दहामध्ये त्यांना सगळे पागलवाली डॉक्टर म्हणायचे, म्हणून रत्नमाला शेजारच्या तुळसाबाईला सांगायची, दाताच्या डॉक्टरकडे जाते.

तीन महिने झाल्यावर तुळसाबाई म्हणाली, "किती दात हायेत वं तुले? आमच्या म्हशीचेही इतके दिवस चालले नसते."

रत्नमालेला हसू आलं. बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

कलावती मॅडम पस्तिशीच्या, बारीक चणीच्या बाई होत्या. पहिल्याच दिवशी रत्नमालेने त्यांना विचारलं, "तुम्ही मले सांगू शकता काय, की तो परत येणार नाई?"

"नाही," त्या म्हणाल्या. "कोणीच नाही सांगू शकत."

"मंग मी इथं काहाले येऊ?"

"तो येईल तेव्हा येईल किंवा येणार नाही. पण त्याची भीती तर रोज येते ना? तिचं काय करायचं ते बघू."

त्यांनी आजाराविषयी जवळजवळ काहीच सांगितलं नाही, भीतीविषयी पुष्कळ सांगितलं. भीतीला हाकलायला गेलं की ती खिडकीतून येते. म्हणून तिला वेळ नेमून द्यायची. रोज दुपारी चार वाजता एका खुर्चीवर बसायचं आणि अर्धा तास मनसोक्त भ्यायचं. बाकीच्या वेळी ती आली तर म्हणायचं, चार वाजता ये.

"पावणी आहे काय ते?"

"पाहुणीच आहे. तुम्ही तिला घरची मालकीण करून ठेवलीय."

काखेत हात घालायचा तो महिन्यातून एकदा, पहिल्या तारखेला, आंघोळीनंतर, डॉक्टरांनी शिकवला तसा. इतर दिवशी हात निघाला की त्याला काम द्यायचं. रत्नमालेने त्या महिन्यात इतका लसूण सोलला की शामसुंदर म्हणाला, "आता भीतीचा वास येते घरात." पण दिवस थोडे थोडे मोकळे होऊ लागले. कधी कधी तर चार वाजता खुर्चीवर बसल्यावर भीती यायलाच उशीर करायची.

मार्चमध्ये एका बुधवारी मॅडमनी विचारलं, "या भीतीपायी तुम्ही काय काय करायचं सोडलं?"

"वाळवण," रत्नमाला म्हणाली. "कुरड्या, पापड, लोणचं. वर्षाचं काही करतच नाई मी. वर्षाचं लोणचं घालायचं, आन खायले आपण नसलो तर?"

"अजून?"

"नवं लुगडं घेतलं नाई. दात खरंच दुखते एक, तो काढला नाई." ती थांबली. बाहेर कुणीतरी स्ट्रेचरची चाकं खडखडत नेत होतं. ते लांब जाईपर्यंत ती थांबली. "आन विजू."

"विजू कोण?"

"माही पोरगी."

कलावती मॅडम तिच्याकडे पाहत राहिल्या. तीन महिने ही बाई त्यांच्यासमोर बसून स्वतःच्या शरीराच्या बोटभर जागेविषयी बोलत होती. तिला मुलगी आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं.

त्याची हकीगत अशी होती. शस्त्रक्रिया झाली तेव्हा विजया तीन वर्षांची होती. शामसुंदरचे मोठे भाऊ देवीदास डोंगरगढला रेल्वेत गार्ड होते. त्यांची बायको अंजनाबाई महिनाभर भिलाईला येऊन राहिली. जावेची जखम धुणं, शेक देणं, पोरीचं न्हाणं-जेवण, सगळं तिने केलं. तिला मूलबाळ नव्हतं. जायच्या दिवशी रिक्षा दारात आली. घरची सवाशीण निघाली म्हणून रत्नमालेने तिला पाटावर बसवलं आणि ओटी भरायला घेतली. डावा हात वर होत नव्हता, एकाच हाताने तांदूळ, खण, नारळ घातला. तेवढ्यात विजू कुठूनशी धावत आली आणि मोठ्याईच्या, म्हणजे अंजनाबाईच्या, मांडीवर, पसरलेल्या पदरात, नारळाच्या उरावर जाऊन बसली. सगळे हसले. रत्नमालाही हसली. म्हणाली, "घ्या बाई, हेही ओटीत आली."

"ओटीतलं परत नसते देत मी," अंजनाबाई म्हणाली. तीही हसत होती.

रत्नमालेच्या अंगात ताकद येईपर्यंत विजूला डोंगरगढला ठेवायचं, असं आधीच ठरलं होतं. त्या रिक्षेतच ती गेली.

ताकद आली. पण आणायचं म्हटलं की पुढची तपासणी समोर असायची. एवढी तपासणी होऊ दे, मग आणू. ती चांगली निघाली की वाटायचं, आणखी एक होऊ दे. पोरगी आणायची आणि आपण जायचं, म्हणजे तिने दोनदा रडायचं. त्यापेक्षा आपला लळाच लागू देऊ नये. दिवाळीत, उन्हाळ्यात विजू भिलाईला आली की रत्नमाला तिची वेणी घालत नसे, तिला जवळ घेऊन झोपत नसे. "मोठ्याईकडून घालून घे," म्हणायची. आपण मेल्यावर या पोरीला काही वाटू नये, एवढंच तिला हवं होतं, आणि त्या बाबतीत तिने कसर ठेवली नाही.

"आता तिला आणावंसं वाटतं?" कलावती मॅडमनी विचारलं.

"वाटते," रत्नमाला म्हणाली. "आता वाटते."

त्या उन्हाळ्यात तिने कुरड्या घातल्या. तुळसाबाईने चीक ढवळायला हात लावला आणि एवढ्या कुरड्या दोघा माणसांना कशाला म्हणून विचारलं. रत्नमाला म्हणाली, "तिघं होऊ आम्ही." तिने सेक्टरातल्या शाळेत जाऊन पाचवीच्या बाईंना विचारूनही ठेवलं. मेच्या सुरुवातीला कुरड्यांचा एक डबा घेऊन ती आणि शामसुंदर पॅसेंजरने डोंगरगढला गेले.

दार विजूने उघडलं. नऊ वर्षांची, उंच, दोन घट्ट वेण्या. ती वाकून पाया पडली, तिने खुर्च्या पुसल्या, तांब्या-पेला आणला.

"पाणी घेजा," ती रत्नमालेला म्हणाली.

मग आत वळून, "आई, तू बसजो, चहा मी ठेवते."

त्यांच्या बोलीत परक्या, मानाच्या माणसाला 'घेजा' म्हणतात. आपल्या माणसाला 'घेजो'. आईला कुणी 'घेजा' म्हणत नाही. आणि मोठ्याईतलं 'मोठी' केव्हाच गळून पडलं होतं. रत्नमाला ते पाणी सगळं प्यायली.

विजू चहा देऊन लिंबं आणायला गेली. देवीदास लाइनवर होते. अंजनाबाई तांदूळ निवडत बसली होती. रत्नमाला म्हणाली, "बाई, विजूले घेऊन जावं म्हणते."

"ने न. दरसाल येतेच सुट्टीत."

"सुट्टीपुरती नाई. तिकडंच शाळेत घालतो म्हणते."

अंजनाबाईचा हात ताटात थांबला. "कावून?"

"कावून म्हणजे काय, बाई. माही पोरगी आहे."

"तुही होती. तूच माया ओटीत घातली न वं."

"ते हासण्यावारी होतं. तवा सगळेच हासले."

"मी घरी येऊन नाई हासली," अंजनाबाई म्हणाली. "मी तो नारळ फोडला नाई. देवाजवळ ठेवला. अजूनही आहे, पाहून घे."

शामसुंदर खाली मान घालून चहाच्या कपाची कड पुसत होता. अंजनाबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"तुहा रिपोर्ट चांगला आला न, रत्ना, की मी बमलाई देवीच्या डोंगरावर जाऊन नारळ फोडो. दरवेळी. आन पायऱ्या उतरतांनी मले रडू ये. कायचं रडू आहे ते मले समजे. तू मरावं असं माया मनात कधी आलं नाई, शपथ घेते. पण तू बरी झाली म्हणलं की आता पोरगी जाईन असं वाटे." ती तांदळातला खडा काढायला गेली, पण खडा नव्हता. "सहा वर्ष मीही तुया तपासणीवरच जगली. तुले वाटलं, तू एकटीच भेऊन राह्यली."

शामसुंदर कप खाली ठेवून म्हणाला, "वैनी, सुट्टीभर तर येऊ द्या. शाळा उघडायच्या आधी पोरगी म्हणन तसं करू."

अंजनाबाई उठली आणि विजूचे कपडे भरू लागली. फ्रॉकांच्या घड्या ती दोन दोनदा घालत होती.

भिलाईच्या क्वार्टरमध्ये विजू एखाद्या शहाण्या पाहुणीसारखी राहिली. सकाळी आपलं अंथरूण घडी करून कोपऱ्यात ठेवायची. माठातलं पाणी घेण्याआधी विचारायची. रत्नमाला वेणी घालायला बसली तर मान ताठ धरून बसायची, दुखलं तरी सांगायची नाही. रत्नमालेला वाटलं, वेळ लागेल. वर्षाच्या गोष्टीला वर्ष लागतं. जूनच्या सुरुवातीला तिने कैऱ्या आणल्या, आणि दोघींनी मिळून लोणचं घातलं. मोहरीची डाळ हाताला झोंबली तेव्हा विजू पहिल्यांदा मोकळं हसली, आणि रत्नमालेने ते हसू दिवसभर जपून ठेवलं.

दुपारी चारला ती आपल्या खुर्चीवर बसायची. काही दिवस विजू ते लांबून पाहत होती. मग एकदा येऊन उभी राहिली.

"तुमी रोज इथं बसून काय करता?"

मुलीला काय सांगावं, असा प्रश्न रत्नमालेला पडला. मग तिने खरं तेच सांगितलं. "भेते."

"कायले?"

"मले मोठा आजार झालता न. तो परत येईन काय, म्हणून भेते. एका मॅडमनं सांगतलं, दिवसभर भ्यायचं नाई, याच वेळी भ्यायचं."

विजूने यावर बराच विचार केला. मग स्वयंपाकघरातून पाट आणला, खुर्चीशेजारी ठेवला आणि त्यावर बसली.

"मीही भेते," ती म्हणाली.

"तू कायले भेतं?"

"आईले गाठ होईन म्हणून."

रत्नमालेला क्षणभर वाटलं, आई म्हणजे आपणच. तिचा जीव फुलून आला. मग विजू पुढे बोलली.

"मी पाहत राह्यते न तिले. न्हाणीत तिची पाठ घासून देते, तवा काखेत हात लावून पाहते. तिले गुदगुल्या होते, ते हासते. तिले मालूम नाई मी कावून पाहते ते. इथं आल्यापासून कोनीच नाई पाहून राह्यलं तिले."

"अगं, तिले काही नाई होणार."

"तुमाले झाली तवा तुमी मले आईले देऊन टाकलं," विजू म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, हिशेब होता. "तिलेही झाली, तर मंग मले कोनाले देतील?"

रत्नमालेचा उजवा हात पदराखाली जायला निघाला, आणि ते विजूने पाहिलं. तसाच पाहिला, जसा एखादा कारागीर दुसऱ्या कारागिराचा हात पाहतो. रत्नमालेने तो हात वाटेतूनच वळवला आणि मुलीच्या पाठीवर ठेवला. विजू हलली नाही. अर्धा तास दोघी तशाच बसून भ्यायल्या.

पुढल्या बुधवारी तिने हे कलावती मॅडमना सांगितलं. रत्नमालेला वाटलं होतं, पोरीसाठीही त्यांच्याकडे काही उपाय असेल, चार वाजतासारखा. मॅडमनी उलट तिलाच विचारलं.

"तिला नेमकं कशाचं भय आहे, असं वाटतं तुम्हाला?"

"गाठीचं नाई," रत्नमाला म्हणाली. "एकीच्या ओटीतून दुसरीच्या ओटीत जायचं भय आहे तिले."

"मग ते कशानं जाईल?"

उत्तर तिला येत होतं. येताना बसमध्येच ते आलं होतं. पण तोंडाने म्हणायला वेळ लागला. "मी तिले इथं ठेवून घेतली, तर तिचं भय खरं होईन. पुन्हा एकीनं दुसरीले देली म्हणन ते."

"हो," कलावती मॅडम म्हणाल्या. एवढंच. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या दिवशी घरचा अभ्यास दिला नाही.

शामसुंदरला तिने त्या संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "इतके दिवस तुनं भेऊन तिले दूर ठेवली. आता भ्यायचं थांबलं, तर आता कावून?"

"आता ते भेऊन राह्यली म्हणून."

तो उठून बाहेर गेला आणि नळाशी जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला.

जूनच्या अखेरीस, शाळा उघडायच्या आधी, तिघं डोंगरगढला गेले. विजूच्या मांडीवर लोणच्याची बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेली. रत्नमालेच्या पिशवीत तांदूळ, खण आणि नारळ होता. तो तिने शामसुंदरलाही दाखवला नव्हता.

देवीदास घरी होते. त्यांनी विजूला पाहून "आली माही बाई" म्हटलं आणि मग भावाकडे पाहिलं. अंजनाबाई दारातच उभी होती. सुट्टीच्या दोन महिन्यांत ती वाळली होती. विजू तिच्या कमरेला बिलगली, आणि रत्नमालेने पाहिलं की पोरीचा हात लुगड्यावरून वर सरकत काखेपर्यंत गेला, तिथे थांबला, आणि मगच सैल झाला.

"बाई, पाट घ्या," रत्नमाला म्हणाली. "ओटी भरते तुमची."

अंजनाबाई मागे सरकली. "आता कायले? मागच्या वेळी तू मरणाच्या दारात होती, तवा भरली होती." तिचा चेहरा उतरला. "काही निघालं काय वं? खरं सांग. बरी आहे न तू?"

"बरी आहे," रत्नमाला म्हणाली. "म्हणूनच."

अंजनाबाई पाटावर बसली. तिने पदर पसरला. या वेळी रत्नमालेचे दोन्ही हात चालत होते. कुंकू लावलं, तांदूळ घातले, खण ठेवला, वर नारळ. विजू भिंतीला टेकून पाहत होती. मांडीवर बसायचं तिचं वय राहिलं नव्हतं. रत्नमालेने तिला हाताला धरून आणलं आणि अंजनाबाईच्या शेजारी बसवलं.

"त्या वेळी मी मरणार होती म्हणून देली," ती म्हणाली. "ते देणं नव्हतं. आज मी चांगली आहे, घरात जागा आहे, शाळा पाहून ठेवली आहे. तरी देऊन राह्यली." मग ती खाली बसली आणि मुलीशी बोलली. "विजू, ऐकून राह्यली न? आईले काही झालं, सर्दी झाली, ताप आला, गाठ झाली, तरी तू इथंच. तुले आता कोनी कोनाले देणार नाई."

विजूने मान हलवली. अंजनाबाई पदराचा काठ तोंडाशी धरून रडत होती, आणि तिच्या ओटीतले तांदूळ पाटाखाली सांडत होते. देवीदास ते वेचायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

जेवण झालं. नव्या लोणच्याची पहिली फोड विजूनेच सगळ्यांना वाढली. अजून मुरलं नव्हतं, तरी सगळ्यांनी खाल्लं. दुपारच्या गाडीला सगळे स्टेशनवर आले. गाडी हलली तेव्हा विजू खिडकीबरोबर चार पावलं चालली. ती काहीतरी म्हणाली, ते गाडीच्या आवाजात शामसुंदरला ऐकू आलं नाही.

"काय म्हणे ते?" त्याने विचारलं.

"दिवाळीले येजो म्हणे."

शामसुंदर तिच्याकडे पाहत राहिला. "येजा म्हणे, की येजो?"

"येजो."

"मंग जाऊ न. दिवाळीले जाऊ."

रत्नमालेने मान हलवली. राजनांदगाव गेलं. बाहेर नांगरून ठेवलेली शेतं होती. चार वाजून गेले होते, तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ती दिवाळीचाच विचार करत होती. काय न्यायचं, विजूला फ्रॉक की परकर, तोवर लोणचं कसं मुरलं असेल. आज मनातल्या मनात ते दिवाळीपर्यंतचे महिने तिने एकदाही न चाचपता ओलांडले होते. तोवर आपण असू की नसू हा प्रश्नच तिला पडला नव्हता. आपण असणार, नक्की असणार, आणि विजू डोंगरगढला असणार, हे तिच्या लक्षात आलं, आणि मग ती खिडकीकडे तोंड करून दुर्ग येईपर्यंत रडत राहिली.